नागपूरचा हिशेबी साहेब आणि उजेडाची वटणावळ

गेल्या वर्षी दिवाळी आटोपली आणि माझ्या डाव्या डोळ्यापुढे पुन्हा धुकं यायला लागलं. मोतीबिंदू काढून तीन वर्षं झाली होती, त्यामुळे आता पुन्हा काय, म्हणून जरा घाबरूनच नागपूर गाठलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही. बसवलेल्या भिंगामागचा पडदा मळलाय, लेझरने त्याला एक खिडकी पाडायची, की झालं. हनुवटी एका पट्टीवर टेकवून मी बसलो. समोर लाल ठिपका दिसला, टिक टिक असा बारीक आवाज झाला आणि मी विचारायच्या आत डॉक्टर म्हणाले, उठा. कापणं नाही, टाका नाही, रक्त नाही. बाहेर आलो तर समोरच्या दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर सुद्धा वाचता येत होता.

आयुष्यभर बँकेत नोकरी केलेल्या माणसाला एक खोड असते. फुकट काही मिळालं की त्याला चैन पडत नाही; नोंद कुठे आहे, ती तो शोधत बसतो. ही दोन मिनिटांची दृष्टी मला कुणाच्या खात्यातून मिळाली, हे मला कळेना. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी इतकं सांगितलं की हा उजेड जाळत नाही. एका सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा लागेल इतक्या थोड्या वेळात सगळी शक्ती एका बिंदूवर आणली जाते, तिथे एक इवलासा स्फोट होतो आणि पडदा फाटतो. पुढे मागे काही इजा होत नाही, कारण उजेड त्या बिंदूवर एकवटेपर्यंत विरळ असतो. हे ऐकून मी गडचांदूरला परत आलो आणि विषय तिथेच राहिला असता.

पण फेब्रुवारी आला. नोकरीची शेवटची काही वर्षं मी इथल्या शाखेत काढली आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. दोन-चार कादंबऱ्या नावावर असल्यामुळे गावात कुठल्याही कार्यक्रमाला अध्यक्ष कमी पडला की माझ्याकडे माणूस येतो. 28 फेब्रुवारीला एका शाळेत विज्ञान दिन होता. 1987 पासून हा दिवस देशभर पाळतात आणि तो सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या शोधाची आठवण म्हणून पाळतात, इतकं मला ठाऊक होतं. भाषणात तेवढंच घोळवून सांगायचं, असं ठरवून मी गेलो.

नववीतल्या एका मुलीने बाजारात मिळणारा लेझरचा पॉइंटर आणला होता. खोलीच्या खिडक्या लावून तिने तो पाण्याच्या ग्लासातून सोडला, पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकले आणि लाल रेघ पाण्यात उभी राहिली. आमच्या गावात याचं नवल वाटू नये. सिमेंटचे कारखाने भोवती आहेत. पत्र्याला भोक असलं की उन्हाची कांडी घरात उतरते आणि तिच्यात धूळ नाचताना लहानपणापासून सगळ्यांनी पाहिलेली असते. पण त्या मुलीने मग ठिपका भिंतीवर पाडला आणि मला तीन गोष्टी विचारल्या. घरच्या टॉर्चचा उजेड पसरतो, मग हा का पसरत नाही? हा एकाच रंगाचा का? आणि ठिपक्यात रवा सांडल्यासारखे दाणे का दिसतात, डोकं हलवलं की ते चालायला का लागतात? मी जवळ जाऊन बघितलं. दाणे होते. चष्मा काढून बघितलं तर भिंत पुसट झाली, पण दाणे तसेच लख्ख. अध्यक्ष निरुत्तर झाले. पुढच्या वेळी सांगतो, असं म्हणून मी नारळ घेऊन घरी आलो.

उत्तर शोधायला बसलो आणि तीनही प्रश्नांच्या वाटेवर मला तोच पागोटेवाला माणूस उभा दिसला, ज्याच्यावर मी पाच मिनिटं पोकळ बोलून आलो होतो. त्याहून मोठा धक्का असा, की हा माणूस आमच्याच जातकुळीचा निघाला. जातकुळी म्हणजे हिशेब खात्याची. आणि तो काही काळ नागपूरला नोकरीला होता!

रामन यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1888 चा, तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक. त्यांच्या नोकरीपायी बालपण विशाखापट्टणमला समुद्राकाठी गेलं. मुलगा इतका हुशार, की मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून वयाच्या सोळाव्या वर्षी सुवर्णपदकासह बी. ए. झाला. अठराव्या वर्षी, 1906 मध्ये, लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये त्याचा पहिला निबंध छापून आला. विषय काय, तर अरुंद चौकोनी फटीतून गेलेला उजेड कडेला कसा पसरतो. हा विषय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

असा मुलगा विलायतेला जायचा. पण सरकारी डॉक्टरने तपासलं आणि ही नाजूक प्रकृती तिथल्या हवेत टिकायची नाही, असा शेरा दिला. हिंदुस्थानात तेव्हा विज्ञानावर पोट भरायची सोय नव्हती. मग त्या काळच्या हुशार मुलांनी जे केलं तेच याने केलं. अर्थखात्याची स्पर्धा परीक्षा दिली, पहिला आला, लग्न केलं आणि 1907 च्या जूनमध्ये वयाच्या अठराव्या वर्षी कलकत्त्याला असिस्टंट अकौंटंट जनरल होऊन खुर्चीत बसला. पत्नी लोकसुंदरी, वीणा वाजवणाऱ्या.

कलकत्त्याला ट्रामने जाता-येता बौबाजार रस्त्यावर त्यांना एक पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकार या गृहस्थांनी 1876 मध्ये लोकांच्या देणग्यांवर उभी केलेली विज्ञानसंस्था होती ती. उपकरणं होती, खोल्या होत्या, काम करणारं कुणी नव्हतं. रामन आत शिरले आणि तिथले झाले. पहाटे संस्थेत, मग घरी येऊन अंघोळ-जेवण, मग कचेरी, कचेरी सुटली की पुन्हा संस्थेत, रात्री उशिरा घर. दहा वर्षं हा क्रम चालला. सोबतीला आशुतोष डे नावाचा संस्थेतला एक मदतनीस होता.

या दहा वर्षांतच बदल्या झाल्या. 1909 मध्ये रंगून. 1910 मध्ये वडील वारले, त्याच वर्षी नागपूर. बदलीचा हुकूम हातात पडला की नव्या गावात घर, मुलांची शाळा, दूधवाला असं सगळं पुन्हा मांडताना माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. मी अकरा बदल्या भोगल्या आहेत. रामन तेव्हा बावीस वर्षांचे, आणि बदलीच्या गावी प्रयोगशाळा कुठून असणार? पण काम थांबलं नाही, ते घरी चालू राहिलं. 1911 मध्ये कलकत्त्याला परत गेले.

नागपूरच्या या वर्षाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मला मात्र ते सोडवत नाही. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता, म्हणजे चांद्याच्या खजिन्याचे आकडे नागपूरच्या हिशेब कचेरीत जाणार. आमचं गडचांदूर आणि राजुरा मात्र वर्धा नदीच्या पलीकडे, निजामाच्या मुलखात. नदी ओलांडली की राज्य बदलायचं आणि रुपयाही बदलायचा. तिकडे हाली शिक्का चालायचा, इकडे कलदार. कलदार घ्यायचा तर हाली शिक्क्यावर वटणावळ कापली जायची. ही वटणावळ लक्षात असलेले म्हातारे मी नोकरीत असताना राजुऱ्याकडे भेटत असत. रामन यांनी पुढे जो शोध लावला तो मला समजला तो या एका शब्दामुळे, म्हणून त्यांच्या नागपूरच्या टेबलावर एखादी चांद्याची पावती पडली असेल, असं मी आपलं मनाशी धरून चालतो. पुरावा मागू नये.

1917 मध्ये सर आशुतोष मुखर्जींनी कलकत्ता विद्यापीठातलं पालित प्राध्यापकपद रामनपुढे ठेवलं. पगार सरकारी पगाराच्या साधारण निम्मा. वय अठ्ठावीस, पदरी संसार, खात्यात बढती समोर दिसत असलेली. रामन यांनी नोकरी सोडली. वर आणखी एक अट मोडून घेतली. त्या पदासाठी परदेशात प्रशिक्षण घ्यावं लागे. परदेशी जाऊन शिकून येणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि मुखर्जींनी ते मान्य केलं.

इथे मला थोडं माझं सांगावं लागतं. 2001 च्या सुमाराला सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा. पहाटे चार ते सात लिहायचं आणि दहाला काउंटरवर बसायचं, अशी माझी पंधरा वर्षं गेली होती. आता पूर्णवेळ लिहायचं म्हणून मी अर्ज भरला. आठ दिवस तो पाकिटात ठेवला आणि नवव्या दिवशी फाडला. मुलीचं शिक्षण होतं, घराचं कर्ज होतं, कारणं सगळी खरी होती. पण रामन यांचं 1917 वाचताना ते पाकीट आठवतं आणि पान उलटायला मला वेळ लागतो.

1921 मध्ये ते विलायतेला गेले ते ऑक्सफर्डच्या विद्यापीठ परिषदेसाठी, विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून. परतताना एस. एस. नारकुंडा या बोटीवरून त्यांनी भूमध्य समुद्राची निळाई पाहिली. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे लॉर्ड रॅले यांचं मत तेव्हा प्रमाण मानलं जात होतं. रामनपाशी एक छोटा निकोल प्रिझम असे. त्याने पाण्यावरून परतणारं आकाशाचं तेज कापून टाकलं, तरी समुद्र निळाच राहिला. उलट जास्त निळा दिसला. म्हणजे पाण्याचे रेणू स्वतःच उजेड विखुरतात. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा 26 सप्टेंबर 1921 ही तारीख आणि मुंबई बंदराचा पत्ता घालून त्यांनी हे निरीक्षण लंडनच्या नेचरला पाठवलं. गेटवेला उभं राहिलं की आपण ताजमहाल हॉटेल बघतो. यापुढे मी बंदर बघणार आहे.

कलकत्त्याला पोचताच उजेड विखुरण्याचं काम त्यांनी धडाक्याने हाती घेतलं. 1923 मध्ये त्यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना द्रवातून विखुरलेल्या उजेडात एक अगदी पुसट परका रंग दिसला. द्रवातला मळ असेल म्हणून पुन्हा पुन्हा शुद्ध केलं, तरी तो जाईना. 1927 च्या अखेरीला वेंकटेश्वरन यांना शुद्ध ग्लिसरीनमध्ये निळ्याऐवजी हिरवट उजेड दिसला. मग के. एस. कृष्णन यांना रामन यांनी कामाला बसवलं. साधनं काय होती? दुर्बिणीच्या भिंगाने गोळा केलेलं ऊन, दोन रंगीत काचा, द्रवाची कुपी आणि बघायला माणसाचा डोळा. 28 फेब्रुवारी 1928 ला वर्णपटदर्शकातून पाहिलं, तेव्हा आत गेलेल्या रंगापासून अलग, मध्ये काळोखी पट्टी सोडून, दुसरा रंग उभा होता. साहित्याचा खर्च काही शे रुपये.

आता वटणावळ. उजेड हा सुट्या पुड्यांनी येतो असं समजा. प्रत्येक पुडीची ठरावीक किंमत, आणि किंमत म्हणजेच रंग. निळी महाग, लाल स्वस्त. शंभराची पुडी रेणूवर आपटली की बहुतेक वेळा शंभराचीच परत येते. पण कोटीत एखाद्या वेळी रेणू स्वतः थरथरायला लागतो आणि त्यासाठी पुडीतून काही कापून घेतो. बाहेर येते ती सत्त्याण्णवची. क्वचित आधीच थरथरणारा रेणू आपलं वर घालतो आणि एकशे तीनची येते. मौज अशी, की प्रत्येक पदार्थाचे वटणावळीचे आकडे ठरलेले असतात. त्यामुळे किती कापलं हे मोजलं की पेढी ओळखता येते. बेंझीन, साखर, हिरा, औषधाची गोळी, कुणीही असो. बाटली न उघडता आत काय आहे ते परतलेल्या उजेडावरून सांगता येतं. याला रामन परिणाम म्हणतात. 1930 मध्ये त्याला नोबेल मिळालं. विज्ञानाचं नोबेल आशियात आलं ते प्रथमच. बक्षीस जाहीर होण्याच्या आधी काही महिने रामन यांनी स्टॉकहोमसाठी बोटीची तिकिटं काढून ठेवली होती, इतका त्यांना आपल्या जमाखर्चाचा भरवसा.

खात्यात एकट्याचं नाव चढलं, हे मात्र मला खटकतं. नेचरमधल्या पहिल्या टिपणावर रामन आणि कृष्णन अशी दोघांची नावं आहेत. बक्षीस एकट्या रामनना मिळालं. कल्पना, चिकाटी आणि सात वर्षांचा ध्यास रामन यांचा, यात शंका नाही. पण त्या फेब्रुवारीत कुपीपुढे बसून डोळे फोडले ते कृष्णन यांनी. तिकडे मॉस्कोत लांडसबर्ग आणि मांडेलश्टाम यांनी त्याच महिन्यात स्फटिकात हाच प्रकार पाहिला होता. प्रसिद्ध करायला त्यांना उशीर झाला आणि ते राहिले. कृष्णन पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले, म्हणजे त्यांचं काही अडलं नाही. तरीपण संयुक्त खात्याचा नियम वेगळा असतो, असं बँकवाल्याला वाटणारच.

1933 मध्ये रामन बंगळूरला टाटांच्या विज्ञानसंस्थेचे संचालक झाले, त्या जागेवरचे पहिले भारतीय. त्याच वर्षी मुंबईहून एक अर्ज आला. कमला भागवत, मुंबई विद्यापीठात बी. एस्सी.ला पहिली. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. रामन यांनी अर्ज नाकारला, आणि कारण एकच, अर्जदार बाई आहे. भागवतांच्या मुली ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांच्या दारात बसल्या, कारण लेखी द्या म्हणाल्या. शेवटी एक वर्ष परीक्षा म्हणून, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होऊ देणार नाही या अटीवर, प्रवेश मिळाला. वर्षाअखेर रामन यांनी त्यांचं काम पाहिलं आणि अट काढून घेतली. पुढे मुलींना दार उघडलं. कमलाबाई केंब्रिजला गेल्या, 1939 मध्ये पीएच. डी. झाल्या, विज्ञानात ती मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांपैकी एक. आपण त्यांना कमला सोहोनी म्हणून ओळखतो. ती अट त्या जन्मभर विसरल्या नाहीत, आणि का विसराव्यात? दहा वर्षं दुसऱ्याच्या कचेरीत राहून रात्री विज्ञान करणाऱ्या माणसाला बंद दार म्हणजे काय ते माहीत असायला हवं होतं. मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना हे पान दुमडून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. शाळेत, त्या मुलीसमोर, मी ते दुमडणार नाही.

संचालकपदावरही त्यांचं जमलं नाही. भौतिकीवर पैसा फार खर्च केला, कुणाला विचारलं नाही, अशा तक्रारी झाल्या, चौकशी समिती बसली आणि 1937 मध्ये त्यांना संचालकपद सोडावं लागलं. प्राध्यापक म्हणून ते 1948 पर्यंत तिथेच राहिले. हिशेब खात्यातून आलेला माणूस अंदाजपत्रकावरून अडचणीत यावा, याचं मला हसू येतं. पण त्याच भांडणांच्या वर्षांत, 1935-36 मध्ये, नागेंद्रनाथ या तरुणाबरोबर त्यांनी एक सिद्धांत मांडला. द्रवात अतिसूक्ष्म ध्वनिलहरी सोडल्या की त्यांचे दाट-विरळ थर तयार होतात आणि त्यातून जाणारा उजेड ठरावीक कोनांत वळतो. आज लेझरची तिरीप क्षणात वळवायला किंवा बंद-चालू करायला जी साधनं वापरतात, त्यांच्या मुळाशी हा रामन-नाथ सिद्धांत आहे. तेव्हा लेझर नव्हता.

मग लेझर आला कुठून? मूळ नोंद आइनस्टाइनची, 1917 ची. म्हणजे रामन यांनी कलकत्त्यात राजीनामा दिला, त्याच वर्षीची. बँकेवर अफवा उठते तेव्हा काय होतं ते आठवा. एक खातेदार पैसे काढायला येतो, त्याला पाहून तेवढीच रक्कम ठेवलेला दुसरा येतो, त्या दोघांना पाहून चौघे. अणूचंही तसंच आहे. अणूने शक्ती साठवून ठेवलेली असली आणि नेमक्या त्याच किमतीची उजेडाची पुडी शेजारून गेली, की अणू आपलीही पुडी सोडतो. तोच रंग, तीच दिशा, पावलाला पाऊल जुळवून. एकाच्या दोन, दोनाच्या चार. अडचण इतकीच, की साधारण अणू शक्ती जेमतेम सेकंदाचा दहा कोटीवा भाग ठेवतो, बचत खात्यासारखी, आली की गेली. त्यामुळे रिकामे अणू नेहमी जास्त, आणि ते पुड्या गिळून टाकतात. काही पदार्थांत मात्र मुदत ठेवीची सोय असते. माणकातला क्रोमियमचा अणू शक्ती सेकंदाच्या हजारांश भागांपर्यंत धरून ठेवतो. बाहेरून जोरदार दिवा मारून निम्म्याहून जास्त अणूंच्या ठेवी भरल्या, दोन टोकांना आरसे लावून पुड्या पुन्हा पुन्हा त्याच रांगेतून फिरवल्या, की रांग फुटते. थिओडोर मेमन यांनी 16 मे 1960 ला कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून हे करून दाखवलं.

मुलीच्या दोन प्रश्नांची उत्तरं यातच आहेत. सगळ्या ठेवी एकाच रकमेच्या, म्हणून रंग एक. आणि आरशांच्या रेषेत सरळ जाणाऱ्या पुड्याच वाढतात, तिरक्या बाजूने निसटून जातात, म्हणून तिरीप सरळ. मात्र ती अजिबात पसरत नाही, हे खरं नाही. ज्या तोंडातून उजेड बाहेर पडतो त्याच्या कडा त्याला थोडा पसरवतातच, आणि हा रामन यांच्या अठराव्या वर्षीच्या निबंधाचा विषय. 1969 मध्ये अपोलो 11 च्या मंडळींनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांकडे लेझर सोडतात, तेव्हा तिथे पोचेपर्यंत तो ठिपका काही किलोमीटर रुंद झालेला असतो. पावणेचार लाखांहून जास्त किलोमीटरच्या प्रवासाला हे काहीच नाही. टॉर्चचा उजेड आमच्या बोळाच्या टोकाला पोचत नाही.

तिसरा प्रश्न दाण्यांचा. भिंत आपल्याला गुळगुळीत वाटते, उजेडाला ती माणिकगडाच्या डोंगरासारखी खडबडीत. तिच्या प्रत्येक खाचेतून परतणाऱ्या लहरी पावलाला पाऊल जुळवून चालणाऱ्या असल्यामुळे कुठे एकमेकींत मिळतात, कुठे एकमेकींना पुसतात. मिळाल्या तिथे चमक, पुसल्या तिथे काळं. हे चित्र डोळ्याच्या पडद्यावरच तयार होतं, म्हणून चष्मा असो नसो, दाणे स्वच्छ. डोकं हलवलं की लघुदृष्टी असलेल्याला ते उलट्या दिशेने चालताना दिसतात आणि दीर्घदृष्टी असलेल्याला त्याच दिशेने. साध्या दिव्यातही हा प्रकार अंधूक दिसतो. काचेवर बारीक भुकटी पसरून त्यातल्या चढउतारांचा अभ्यास 1943 मध्ये बंगळूरला रामन यांचे शिष्य जी. एन. रामचंद्रन यांनी केला होता. सतरा वर्षांनी लेझर आला आणि ते दाणे जगभरच्या प्रयोगशाळांच्या भिंतींवर दिसू लागले.

रामन परिणामाची एक रड होती. कोटीत एक पुडी, तिचा फोटो घ्यायला पाऱ्याच्या दिव्यापुढे तासन्तास काच धरून बसावं लागे. त्यामुळे पुढे पुढे लोकांनी तो नाद सोडला होता. लेझरने त्याला पुन्हा जीव दिला. एकाच रंगाचा, एकाच रेषेतला दाट उजेड मिळाला, की परतलेल्या पुडीची वटणावळ नेमकी वाचता येते. 1962 मध्ये तर वेगळंच घडलं. अमेरिकेत वुडबरी आणि एनजी हे दोघे माणकाचा लेझर नायट्रोबेंझीनच्या कुपीसह चालवत होते आणि त्यांना ठरल्या रंगाबाहेरचा जादा उजेड सापडला. शोध घेता कळलं, की वटणावळ कापून परतलेल्या पुड्यांचीच रांग फुटली आहे; रामन परिणामाचाच लेझर झाला आहे. आज समुद्राखालच्या काचतंतूंमधून आपले फोन जातात, त्यात दमलेल्या उजेडाला काही ठिकाणी याच युक्तीने जोर देतात.

या गोष्टीत आपलाही माणूस आहे. चंद्रकुमार नारणभाई पटेल, 1938 चा जन्म, बारामतीचा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून 1958 मध्ये पदवी, मग स्टॅनफर्ड, मग बेल प्रयोगशाळा. तिथे 1964 मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर केला. तो डोळ्याला दिसत नाही, पण पोलाद कापतो आणि शस्त्रक्रियाही करतो. त्यांनीच पुढे, 1970 मध्ये, एका सहकाऱ्याबरोबर अर्धवाहकातल्या इलेक्ट्रॉनांवर रामन परिणामाचा असा लेझर तयार केला, की ज्याचा रंग बदलता येतो.

त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला रामन गेले. 1948 नंतर त्यांनी बंगळूरला स्वतःची संस्था काढली होती आणि सरकारचा पैसा त्यात शक्यतो येऊ दिला नाही. 1954 मध्ये भारतरत्न मिळालं. शेवटची वर्षं त्यांनी फुलांचे रंग आणि माणसाचा डोळा यांत घालवली. डोळ्याला रंग कसे दिसतात यावरचं त्यांचं पुस्तक 1968 मध्ये निघालं, वयाच्या ऐंशीच्या घरात. त्यातली मतं सगळ्यांनी मानली नाहीत आणि त्यांनीही पर्वा केली नाही. संस्थेच्या बागेतच त्यांना अग्नी दिला. तिथे समाधी नाही, झाड लावलं आहे.

मार्चमध्ये मी शाळेत परत गेलो आणि हे सगळं, कमलाबाईंसकट, वर्गात सांगितलं. फळ्यावर माणकाच्या लेझरचा हिशेब मांडला. एका सेंटीमीटरात किती लहरी मावतात ते मोजायचं, ती पुडीची किंमत. माणकाची 14,403. नायट्रोबेंझीनची वटणावळ 1,345. त्या मुलीने वजाबाकी केली, 13,058, आणि भागाकार करून लहरीची लांबी काढली, 766 नॅनोमीटर. म्हणजे जवळजवळ डोळ्याला न दिसणारा तांबडा. मग पेन्सिल खाली ठेवून तिने विचारलं, की ते कापलेले 1,345 गेले कुठे. हे मात्र मला येत होतं. ते रेणूच्या खात्यात थरथर म्हणून जमा होतात आणि शेजाऱ्यांना धक्के देता देता खर्ची पडतात. कुपी किंचित, अगदी किंचित गरम होते. तिने वहीत डाव्या बाजूला नावे आणि उजव्या बाजूला जमा असं लिहून दोन्हीकडची बेरीज सारखी करून दाखवली. मी सही केली.